उत्तर अलास्कातल्या शाळा म्हणजे तेल कंपन्यांचं दान?

अलास्काच्या उत्तर टोकावरच्या इनुपियात या मूळ रहिवाशांच्या गावांना शाळा, नळ, रस्ते तेल कंपन्यांनी ‘सामाजिक जबाबदारी’ म्हणून दिले, असं सर्रास सांगितलं जातं. ते खरं नाही. १९६८ मध्ये याच भागातल्या प्रुडो बे इथे तेल सापडलं. १९७२ मध्ये स्थानिकांनी ‘नॉर्थ स्लोप बरो’ हे स्वतःचं स्थानिक सरकार स्थापलं आणि तेलाच्या यंत्रणेवर मालमत्ता कर लावला. घरपट्टी भरणाऱ्याला कुणी दानशूर म्हणत नाही! उलट कंपन्या या स्थापनेविरुद्धच कोर्टात गेल्या आणि १९७४ मध्ये हरल्या. देणग्याही देतात त्या, नाही असं नाही. पण गावागावांत हायस्कुलं आली ती प्रामुख्याने करातून. त्याआधी पोरांना शिकायला शेकडो मैलांवरच्या वसतिगृहांत धाडावं लागे.