ओतीव ब्राँझ आणि ‘कोल्ड कास्ट ब्राँझ’: लिओनिडासचा पुतळा घेताना

स्पार्टाचा राजा लिओनिडास इ.स.पू. 480 मध्ये थर्मोपिलीच्या खिंडीत पर्शियन फौजेशी लढताना पडला. तिथे 1955 साली उभारलेला त्याचा ब्राँझचा पुतळा प्रसिद्ध आहे: डोक्यावर तुर्‍याचं शिरस्त्राण, डाव्या हातात ढाल, उजव्या हातात उगारलेला भाला. शोकेससाठी मिळणारे फूटभर उंचीचे पुतळे बरेचदा याच पवित्र्यातले असतात. त्यांच्या वर्णनात ‘हँडमेड’ आणि ‘ब्राँझ’ हे दोन शब्द हमखास सापडतात. पण त्यामागे दोन अगदी वेगळ्या वस्तू असू शकतात. एक वितळलेला धातू ओतून केलेली, दुसरी रेझिनमध्ये, म्हणजे घट्ट होणार्‍या कृत्रिम राळेत, ब्राँझची पावडर कालवून केलेली. या दुसरीलाच ‘कोल्ड कास्ट’ म्हणतात. फोटोत दोन्ही सारख्याच दिसतात, आणि दोन्हींत हातकाम खरंच असतं. फरक आहे तो पृष्ठभागाच्या आत.

सुरुवात दोन्हींची एकच. मातीत मूळ पुतळा घडवतात, त्यावर सिलिकॉन रबराचा साचा घेतात. यानंतर वाटा फुटतात.

ओतीव ब्राँझसाठी त्या साच्यात वितळलेलं मेण फिरवून साधारण 4 ते 5 मिमी जाडीचा पोकळ मेणाचा पुतळा काढतात. साच्याच्या जोडाची रेघ, बुडबुड्यांचे खड्डे हे सगळं गरम हत्यारानं हातानंच दुरुस्त करावं लागतं. मग धातू आत जायला आणि हवा बाहेर पडायला मेणाच्याच कांड्या जोडतात. हे सगळं सिरॅमिकच्या पातळ राबड्यात बुडवायचं, वर बारीक रेती मारायची, वाळू द्यायचं, पुन्हा बुडवायचं. असे सहा ते आठ थर होतात. नंतर मेण वितळवून काढतात, आणि इथे उष्णता एकदम द्यावी लागते. हळूहळू तापवलं तर मेण वितळण्याआधी फुगतं आणि कवच तडकतं. झटकन तापवलं तर बाहेरचा पापुद्रा आधी वितळून वाहतो आणि आतल्या मेणाला फुगायला जागा मिळते. रिकामं कवच भट्टीत भाजून, ते गरम असतानाच सुमारे 1100 ते 1200 अंश सेल्सियसचा ब्राँझ ओततात.

लिओनिडासचा त्रास भाल्याला. 3-4 मिमीच्या काठीत धातू टोकापर्यंत पोचायच्या आत थिजतो आणि भाला अर्धवट येतो. म्हणून चांगले कारागीर भाला वेगळा करून मुठीत बसवतात. ढालही बहुधा वेगळीच ओतून वेल्ड करतात. वेल्डिंगची सळई त्याच मिश्रधातूची नसेल तर रंग चढवताना जोड वेगळा उठून दिसतो. घासूनपुसून झालं की पुतळा टॉर्चनं तापवतात आणि ब्रशनं रसायन लावतात. फेरिक नायट्रेटनं तपकिरी-तांबूस छटा येते, क्युप्रिक नायट्रेटनं हिरवी. शेवटी गरम पृष्ठभागावरच मेणाचा हात. हा रंग म्हणजे धातूवर बनलेला क्षारांचा थर असतो. पेंट नव्हे.

कोल्ड कास्टमध्ये भट्टी नसतेच. सिलिकॉन साच्याला आतून कोरडी ब्राँझ पावडर फासतात. मग रेझिन आणि पावडर आकारमानानं साधारण समसमान घेऊन त्याचा मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा थर देतात. मागची जागा खडूपावडर मिसळलेल्या रेझिननं भरतात. पॉलिएस्टर रेझिन असेल तर कॅटॅलिस्ट, म्हणजे ते घट्ट करणारं रसायन, साधारण 1 ते 2 टक्के. जास्त पडला तर मिश्रण तापून तडे जातात, कमी पडला तर पुतळा महिनाभरानंही चिकट लागतो. पॉलियुरेथेन या दुसर्‍या रेझिनला ओलावा सोसत नाही, पावसाळ्यात दमट खडूपावडर वापरली की आत फेस धरतो. हवा अडकायच्या जागा ठरलेल्या: हनुवटीखाली, तुर्‍याच्या खालच्या कडेला, ढालीमागे. साच्यातून निघालेला पुतळा मळकट दिसतो. त्यावर अगदी बारीक स्टील वूल फिरवलं की रेझिनचा पापुद्रा जाऊन ब्राँझचे कण उघडे पडतात आणि खरी धातूची झळाळी येते. कारागिराचा हात इथेच कळतो. जास्त घासलं तर नाका-गुडघ्यांवरचा थर संपून आतलं पांढुरकं मिश्रण डोकावतं.

आता ओळखायचं कसं. रंगावर जाऊ नका. कोल्ड कास्टच्या पृष्ठभागावर खरा ब्राँझ असतो, त्यामुळे रसायनानं तिथेही खरा हिरवा थर येतो. लोहचुंबकाचाही उपयोग नाही: ब्राँझला तो चिकटत नाही आणि ब्राँझच्या पावडरीलाही नाही. चिकटलाच तर आत लोखंडी सळई किंवा वजन आहे एवढंच कळतं. नुसतं हातातलं वजनही फसवतं, कारण ब्राँझचा पुतळा पोकळ असतो आणि रेझिनचा बरेचदा भरीव. पुतळा उलटा करून तळ बघा. ओतीव पुतळ्याच्या आत खडबडीत धातूची भिंत आणि घासल्याच्या खुणा दिसतात, रेझिनचा तळ सपाट असतो किंवा त्यावर फेल्ट चिकटवलेलं असतं. आतल्या कोपर्‍यात सुईनं ओरखडा काढला तर ब्राँझ तांबूस-पिवळा चमकतो, रेझिनची पांढरी-करडी भुकटी निघते. तापवलेली सुई टोचायचा सल्ला मात्र ऐकू नका, तो डाग जात नाही.

सगळ्यात खात्रीची परीक्षा पाण्याची. सिराक्यूजच्या आर्किमिडीजचं तत्त्व इथे घरबसल्या वापरता येतं, लागतो फक्त बॅगा तोलायचा लटकता डिजिटल काटा. पुतळा दोरीनं टांगून आधी हवेत तोला, मग बादलीत पूर्ण बुडवून. तो तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका. पोकळ असेल तर तिरका करून बुडवा, आतली हवा निघून जाऊ द्या, नाहीतर ब्राँझही हलका भासेल. हवेतलं वजन भागिले दोन वजनांतला फरक, ही झाली घनता (दर घनसेंटिमीटरला इतके ग्रॅम). समजा हवेत 3.48 किलो, पाण्यात 3.08. फरक 0.40, घनता 8.7. हा ब्राँझ. हवेत 1.52, पाण्यात 0.72 भरलं तर घनता 1.9, म्हणजे रेझिन. लाकडी बैठक असेल किंवा तळ बंद असेल तर हा प्रयोग करू नका. आणि पितळेची घनताही 8.4 ते 8.7 च्या आसपास असते, तेव्हा पितळ आणि ब्राँझ यांतला फरक यातून कळणार नाही. पाण्यातून काढल्यावर पुतळा लगेच कोरडा पुसा.

घरी आल्यावर देवाच्या पितळी मूर्तींसारखी चिंच, लिंबू किंवा पितांबरी लावायचा मोह होतो. दोन्ही पुतळ्यांना ती नको. आम्ल त्या क्षारांच्या थरालाच खातं आणि तपकिरी लिओनिडास ठिकठिकाणी गुलाबी-पिवळा पडतो. कोरडा मऊ ब्रश पुरे, वर्षातून एकदा-दोनदा रंगहीन मेणाचा पातळ हात. कोकण, गोवा, मुंबईत खिडकीशी ठेवलेल्या ब्राँझवर फिकट हिरव्या भुकटीचे ठिपके आले तर दुर्लक्ष करू नका. खार्‍या हवेतले क्लोराइड आत शिरले की ओलाव्याच्या साथीनं धातू पोखरत राहतात, वरून पुसून ते थांबत नाही. रेझिनचा शत्रू वेगळा: ऊन. उन्हात रेझिन पिवळं, ठिसूळ होतं, आणि भाला रेझिनचाच असेल तर तापून खाली झुकतो. नेलपॉलिश रिमूव्हरही त्याच्या जवळ नेऊ नका.

कोल्ड कास्ट म्हणजे फसवणूक नव्हे. त्यात बारकावे उत्तम उतरतात, किंमत आवाक्यात राहते, फ्लॅटमधल्या भिंतीवरच्या काचेच्या फळीला वजन पेलतं. मोडलेला हात इपॉक्सीनं जोडता येतो, ब्राँझला मात्र वेल्डर शोधावा लागतो आणि जोडाभोवतीचा रंग पुन्हा चढवावा लागतो. चूक आहे ती एकाच्या दरात दुसरं विकण्यात. तेव्हा पैसे भरण्याआधी विक्रेत्याकडे तीन गोष्टी मागा: तळाचा फोटो, ग्रॅममधलं वजन, आणि भाला कशाचा आहे याचं लेखी उत्तर. ‘ब्राँझ फिनिश’ असं उत्तर आलं तर तो नुसता रंगही असू शकतो, त्यात पावडरसुद्धा असेलच असं नाही.