गव्हाचा चीक तळाला बसायला रात्र का लागते?

२०२४ मध्ये आणि पुन्हा २०२५ मध्ये ज्यूंचं नववर्ष, म्हणजे रोश हशाना, घटस्थापनेच्या आगेमागेच आलं. आमच्या एका ग्रुपवर लगेच ‘प्राचीन गूढ नातं’ वगैरे सुरू झालं. गूढ काही नाही. दोन्ही पंचांगं चंद्रावर महिने मोजतात आणि ऋतू चुकू नयेत म्हणून दोन-तीन वर्षांनी अधिक महिना घालतात, त्यामुळे तारखा अधूनमधून जुळणारच. २०२३ मध्ये हेच दोन सण महिनाभराच्या अंतराने आले होते, तेव्हा कुणी काही बोललं नाही.

खरं नातं बघायचं तर पातेल्यात बघा. कोकणातले बेने इस्राएली, म्हणजे तिथला मराठी बोलणारा ज्यू समाज, रोश हशानाला ‘नव्याचा सण’ म्हणत आले आणि त्या दिवशी हलवा करत आले, तो गव्हाच्या चिकाचा! आपण कुरडया घालतो तोच चीक. फक्त इथे तो नारळाच्या दुधात शिजतो, कारण ज्यू आहारनियमांत मांसाच्या जेवणात दुधातुपाचं काही चालत नाही. अलिबागच्या बाजूला नारळाला काय तोटा! हल्ली बऱ्याच घरांत चिकाऐवजी कॉर्नफ्लोअर किंवा चायना ग्रास वापरतात, पण ठाण्यातल्या आमच्या बेने इस्राएली काकू अजून गहू तीन दिवस भिजवतात, रोज पाणी बदलतात, वाटतात, गाळतात आणि पातेलं झाकून ठेवतात. ‘आता सकाळपर्यंत हात लावायचा नाही,’ एवढं बजावून.

सकाळपर्यंतच का? मी काकूंकडून तांब्याभर गाळलेलं पांढरं पाणी मागून घेतलं, काचेच्या उंच बरणीत ओतलं आणि मागे टॉर्च धरला. दहा-पंधरा मिनिटांत तळाशी पांढरी रेघ उमटली. पण वरचं पाणी निवळायला मात्र तयार नाही. रात्री अकरालाही ते ताकासारखं गढूळच होतं.

चीक म्हणजे मुख्यतः गव्हातलं स्टार्च, म्हणजे पिष्ट. त्याचे कण दोन जातींचे असतात. मोठे, मसुराच्या आकाराचे, साधारण मिलिमीटरच्या चाळिसाव्या भागाएवढे; आणि बारीक गोल, त्याच्या पाचव्या हिश्शाचे. कण खाली येताना त्याचं वजन त्याला ओढतं आणि पाण्याचा विरोध त्याला अडवतो. व्यास दुप्पट झाला की वजन आठपट होतं, पण त्याच वेगाला विरोध मात्र दुप्पटच. म्हणजे विरोधाने वजनाला गाठायचं तर वेग चौपट व्हायला हवा, आणि तो होतो. वेग व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात, हा भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज स्टोक्सचा १८५१चा नियम. स्टार्चची घनता पाण्याच्या दीडपट धरून आकडे घातले, तर मोठा कण दहा सेंटिमीटर पाणी सुमारे दहा मिनिटांत उतरतो. व्यास पाचवा हिस्सा, म्हणून वेग पंचविसावा हिस्सा: बारीक कणाला तेवढ्याच अंतराला चार तास! शिवाय हा हिशेब एकट्या कणाचा. पातेल्यात कोट्यवधींची गर्दी. प्रत्येक कण खाली येताना तेवढंच पाणी वर ढकलतो आणि वर येणारं ते पाणी बाकीच्या कणांना अडवतं. त्यात कोंड्याचे तंतू आणि प्रथिनांचे चिकट तुकडे. चाराचे आठ-दहा तास सहज होतात.

सकाळी पाणी ओतून दिल्यावर घट्ट पांढऱ्या थरावर पिवळसर, बुळबुळीत साय दिसते. काकू ती चमच्याने खरवडून टाकतात. बारीक कण, कोंडा, प्रथिनं असा तो उशिरा पोचलेल्यांचा थर.

इथेच एक गैरसमज. चिकाला आपण गव्हाचं ‘सत्त्व’ म्हणतो, अशक्त माणसाला आवर्जून देतो. पण गव्हातलं बरंचसं प्रथिन चोथ्यात राहतं आणि चोथा जातो गुरांपुढे. उरतो तो मुख्यतः स्टार्च. पचायला हलका, भूक भागवणारा, खरं आहे. ताकदीचं औषध नव्हे. आणि ‘ग्लुटेनमुक्त’ तर नाहीच. ज्यांना गहू वर्ज्य आहे त्यांनी चीकही टाळावा.

पुढचं काम गॅसवरचं. चीक गार नारळाच्या दुधातच कालवायचा. गरमात टाकला तर बाहेरून खळ होते, आत कोरडं पीठ अडकतं आणि गुठळ्या होतात. साठ अंशांच्या आसपास कण पाणी पिऊन फुगू लागतात. साखर तेच पाणी धरून बसते, त्यामुळे गोड मिश्रण उशिरा आळतं, आणि हात दुखेपर्यंत ढवळूनही काही होत नाही असं वाटत असतानाच पळी अचानक जड होते. फुगलेल्या कणांतून अमायलोजच्या, म्हणजे स्टार्चमधल्याच एका घटकाच्या, लांब साखळ्या बाहेर सांडतात, थंड होताना एकमेकींत गुंततात, पाणी जाळ्यात धरतात. हलव्याच्या वड्या पडतात त्या यामुळे.

फ्रिजमध्ये ठेवलात तर हे गुंतणं थांबत नाही, उलट वाढतं. वड्या शिळ्या पावासारख्या कडक होतात, कडेला पाणी सुटतं. किंचित वाफवल्या की पुन्हा नरम.