रोटर, मायक्रॉन आणि वीस अंश

प्रयोगशाळेत नमुने वेगाने फिरवून त्यांतले घटक वेगळे करणाऱ्या सेंट्रीफ्यूज यंत्रावर नाव एका कंपनीचे असले, तरी त्याचे कितीतरी भाग ड्रॉइंगबरहुकूम दुसऱ्याच कारखान्यात घडलेले असू शकतात. बेळगावच्या उद्यमबागेत ज्याला जॉबवर्क म्हणतात, त्याचेच हे अधिक काटेकोर रूप आहे. ओतकामात आणि यंत्रकामात मुरलेल्या या परिसराला ते नक्कीच साधेल, असे मला मनापासून वाटते. मात्र त्यातली खरी कसोटी लेथवर नसून मोजमापात आहे.

समजा, रोटरचे, म्हणजे सेंट्रीफ्यूजमध्ये नमुने धरून फिरणाऱ्या भागाचे, काम मिळाले. मिनिटाला 10,000 फेऱ्या घेणाऱ्या रोटरमध्ये अक्षापासून 10 सेंटिमीटरवरच्या वस्तूला गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे 11,000 पट त्वरण असते, म्हणजे तिथे एका बाजूला 1 ग्रॅम जरी जास्त राहिला, तरी अक्षावर सुमारे 11 किलो वजनाइतकी ओढ बसते आणि फेरीगणिक तिची दिशा फिरत राहते. 2 किलोच्या रोटरचा गुरुत्वमध्य अक्षापासून 20 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) सरकला, तर ही ओढ साडेचार किलोच्या आसपास जाते. म्हणूनच बॅलन्सिंग मशीनवर तपासल्याशिवाय रोटर पाठवता येत नाही.

आता तापमान पाहू. लांबीची मापे 20 अंश सेल्सिअसला धरायची, हे 1931 मध्ये आंतरराष्ट्रीय पातळीवर ठरले. ॲल्युमिनियम दर अंशाला मीटरमागे सुमारे 23 मायक्रॉन फुगते, पोलाद त्याच्या निम्मे. मशीनवरून नुकत्याच उतरलेल्या, 40 अंशांपर्यंत तापलेल्या रोटरचे 30 मिलिमीटरचे भोक 20 अंशांवरच्या थंड गेजने (मापकाने) अचूक भरले, तरी निवल्यावर ते जवळपास 14 मायक्रॉनने आकसते आणि रोटर स्पिंडलवर, म्हणजे त्याला फिरवणाऱ्या दांड्यावर, नीट बसत नाही. बेळगावची हवा कितीही सुखद असली, तरी एप्रिलमध्ये शेडमधला पारा तिशीपार जातोच. तेव्हा वातानुकूलित मापन कक्ष आणि भाग तिथे पुरेसा निवू देण्याचा संयम, दोन्हींचा खर्च दर ठरवतानाच धरावा लागतो.

धातूच्या निवडीत मात्र सवलत नाही. ओतीव भागात सूक्ष्म पोकळ्या राहू शकतात आणि प्रत्येक वापरात पडणाऱ्या ताणाने तिथूनच तडा सुरू होतो. त्यामुळे वेगवान रोटरसाठी जस्तयुक्त 7075 सारखा ॲल्युमिनियमचा घडीव मिश्रधातू घेतात. ओतशाळेचे कसब कामी येते ते यंत्राच्या जड, कंपने शोषणाऱ्या बिडाच्या बैठकीत. रोटर कोणत्या हीट नंबरच्या (एका वेळी वितळवलेल्या घाण्याच्या क्रमांकाच्या) धातूपासून झाला, कोणत्या गेजने मोजला आणि त्या गेजचे कॅलिब्रेशन, म्हणजे प्रमाण मापाशी पडताळणी, कधी झाले, याची नोंद मालासोबत द्यावी लागते, कारण पुढे कधी तडा सापडला, तर त्याच हीटचे बाकीचे रोटर शोधून वेळीच परत मागवता येतात.