नाशिकमध्ये टीबीची तपासणी: स्वतःची गाडी नसेल तर कुठे जायचं, काय न्यायचं

दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला, संध्याकाळी अंगात कसकस, रात्री घाम, वजन उतरणं, बेडक्यात रक्त. यातलं एक जरी असेल तरी टीबीची तपासणी करून घ्यावी. मधुमेह किंवा एचआयव्ही असेल, किंवा घरात कुणाला टीबी झालेला असेल, तर दोन आठवडे मोजत बसू नका.

गाडी नसलेल्या घरांत हे काम लांबतं, कारण ‘सिव्हिलला (जिल्हा रुग्णालयात) कोण घेऊन जाणार’ हा प्रश्न आधी येतो. बहुतेकांना सिव्हिलला जावंच लागत नाही. प्रवास बेडक्याच्या नमुन्याने करायचा असतो आणि तो पोचवायची व्यवस्था सरकारी कार्यक्रमातच आहे. तुम्ही फक्त जवळच्या आरोग्य केंद्रापर्यंत पोचायचं.

कोणाची तपासणी होते?

लक्षणं असलेल्या कोणाचीही, आणि मोफत. रेशनकार्डाचा रंग विचारला जात नाही, नाशिकचा रहिवासी दाखला लागत नाही. सातपूर-अंबडच्या कारखान्यात कामाला आलेला परप्रांतीय असो की द्राक्षबागेवर हंगामापुरता आलेला मजूर, नियम एकच. आधार जवळ असेल तर न्या, पण आधार नाही म्हणून तपासणी अडायला नको. कोणी परत पाठवलंच, तर तिथूनच १८००-११-६६६६ या निक्षय (सरकारच्या टीबी कार्यक्रमाच्या) हेल्पलाइनला फोन लावा. हा क्रमांक टोल-फ्री आहे.

कुठे जायचं?

शहरात राहत असाल तर आधी तुमच्या भागातलं महापालिकेचं शहरी आरोग्य केंद्र. सकाळी लवकर जा. दुपारनंतर गेलात तर त्या दिवशीची नमुन्यांची खेप निघून गेलेली असू शकते. एक्स-रेही काढायचा असेल तर मात्र मोठं रुग्णालय गाठावं लागतं. नाशिकरोड, जेलरोड, देवळाली बाजूच्यांना बिटको रुग्णालय सोयीचं. जुनं नाशिक आणि द्वारका परिसरासाठी कथड्याचं डॉ. झाकीर हुसेन रुग्णालय. सातपूर किंवा त्र्यंबकेश्वरकडून येणाऱ्यांना सिव्हिल वाटेतच लागतं, कारण ते त्र्यंबक रोडवरच आहे. सीबीएसला (मध्यवर्ती बसस्थानकावर) उतरणाऱ्यांना तिथून रिक्षा केलीच पाहिजे असं नाही, चालणं जमत असेल तर पायी जाता येतं.

ग्रामीण भागात प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा तालुक्याचं ग्रामीण रुग्णालय. त्याआधी गावच्या आशाताईंना सांगा. रुग्ण अंथरुणाला खिळलेला असेल तर नमुन्याची डबी घरी आणून देण्यापासून ती केंद्रात पोचवण्यापर्यंतचं काम त्यांच्यामार्फत होतं. मालेगावकरांनी यासाठी नाशिकला यायचं कारण नाही, तिथल्या सामान्य रुग्णालयात जावं.

बसमधून जावं का?

जावं. टीबी हवेतून पसरतो, तोही बंद जागेत बराच वेळ एकत्र राहिल्यावर. बसचा दांडा धरल्याने किंवा तिकिटाच्या सुट्या पैशांतून तो कुणाला होत नाही. रुग्णाने साधा सर्जिकल मास्क लावावा, त्याला एन-९५ची गरज नाही. सिटीलिंकच्या (शहर बससेवेच्या) बसमध्ये उघड्या खिडकीशी बसावं आणि कारखान्यांच्या पाळ्या सुटायची वेळ टाळावी. शेअर रिक्षा दोन्ही बाजूंनी उघडी असते, कडेची जागा घ्या. काचा लावलेली एसी टॅक्सी करून ‘सुरक्षित’ गेलो असं समजणारे लोक असतात; हवा खेळण्याच्या दृष्टीने ती उघड्या खिडकीच्या बसपेक्षा वाईट. लहान मूल सोबत नेऊ नका.

एसटीने येणाऱ्या महिलांना अर्धं तिकीट आणि ७५ वर्षांवरच्या ज्येष्ठांना मोफत प्रवास आहे. ही सवलत एसटीची, सिटीलिंकमध्ये ती गृहीत धरू नका. १०८ची रुग्णवाहिका तपासणीच्या फेरीसाठी नसते. खोकल्यातून भरपूर रक्त पडत असेल किंवा बसल्या जागी धाप लागत असेल, तर मात्र वेळ न घालवता १०८लाच फोन करा.

नमुना कसा द्यायचा?

सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. साधारणपणे दोन नमुने घेतात, एक गेल्या गेल्या आणि दुसरा दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्याबरोबर. दुसऱ्याची डबी पहिल्याच भेटीत मागून घ्या. भरलेली डबी घरातलं कोणीही नेऊन देऊ शकतं, रुग्णाने पुन्हा बस धरायची गरज नाही.

सकाळी काही खाण्याआधी साध्या पाण्याने चूळ भरा, नाहीतर अन्नाचे कण नमुन्यात येतात. मग गच्चीवर, अंगणात किंवा उघड्या खिडकीशी उभे राहा. न्हाणीघरात किंवा बंद खोलीत हे करू नका. दोन-तीन वेळा खोल श्वास घ्या, क्षणभर रोखा आणि छातीच्या तळापासून जोराने खोकून आलेला बेडका थेट डबीत घ्या. २ ते ५ मिली पुरतो, म्हणजे साधारण अर्धा ते एक चहाचा चमचा. बेडका घट्ट, चिकट, पिवळसर असतो. पाण्यासारखी फेसाळ पातळ लाळ आली तर पुन्हा प्रयत्न करा. लाळेच्या नमुन्यात आजार असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो, आणि मग महिनाभर खोकल्याच्या बाटल्या रिचवल्या जातात.

झाकण घट्ट फिरवा. नाव झाकणावर नको, डबीच्या अंगावर हवं, कारण प्रयोगशाळेत झाकणं निघतात. लगेच पोचवता येत नसेल तर डबी उन्हापासून दूर, थंड जागी ठेवा.

कोणती तपासणी?

सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसायला एका मिलीत साधारण ५ ते १० हजार जंतू लागतात. जंतूंची जनुकं यंत्रावर शोधणाऱ्या सीबीनॅट चाचणीला शे-दीडशे पुरतात, शिवाय रिफाम्पिसिन हे मुख्य औषध लागू पडेल की नाही तेही कळतं. त्यामुळे साधी तपासणी निगेटिव्ह आली आणि खोकला तसाच असेल, तर सीबीनॅट किंवा तशीच ट्रूनॅट चाचणी करायला सांगा. यंत्राला एक-दोन तास लागतात, पण रांगेमुळे रिपोर्ट हाती यायला जास्त वेळ जातो. फॉर्मवर स्वतःचा चालू मोबाइल नंबर द्या आणि प्रयोगशाळेचा क्रमांक लिहून घ्या, म्हणजे रिपोर्टची चौकशी फोनवर होते. आधी कधी टीबीची औषधं घेतली असतील तर तेही फॉर्मवर आलंच पाहिजे.

रक्त काढून टीबीची अँटिबॉडी बघणाऱ्या चाचणीवर भारतात २०१२पासून बंदी आहे. कोणी सुचवलीच तर पैसे घालवू नका. खाजगी डॉक्टरांकडे जात असाल तर नमुना सरकारी यंत्रावर पाठवायला सांगा. टीबी निघाल्यास निक्षय या सरकारी पोर्टलवर नोंद करणं त्यांनाही बंधनकारक आहे.

पॉझिटिव्ह आल्यावर लागणारी कागदपत्रं

आधार आणि बँक पासबुकाच्या पहिल्या पानाची झेरॉक्स. निक्षय पोषण योजनेत १ नोव्हेंबर २०२४पासून उपचार चालू असेपर्यंत महिना १,००० रुपये थेट खात्यात येतात. सहा महिन्यांच्या उपचारात निदानानंतर ३,००० आणि ८४ दिवसांचे उपचार झाल्यावर ३,००० असे दोन हप्ते पडतात. पैसे अडकण्याची ठरलेली कारणं: आधारवर एक नाव आणि पासबुकावर दुसरं, केवायसी न झालेलं बंद पडलेलं जनधन खातं, किंवा खात्याला आधार जोडलेलं नसणं. बँकेत जाऊन हे औषधं सुरू होतानाच निस्तरा. सुरगाणा, पेठ, कळवणसारख्या आदिवासी भागातल्या रुग्णांना प्रवासासाठी एकदाच ७५० रुपये वेगळे मिळतात. ते आरोग्य केंद्रात आठवण करून मागा.

औषधं घराजवळच्या केंद्रातूनच मिळतात, त्यासाठी दर वेळी मोठ्या रुग्णालयात जायचं नाही. घरातल्या बाकीच्यांची तपासणीही त्याच केंद्रात होते, आणि पाच वर्षांखालची मुलं असतील तर त्यांना पहिल्याच आठवड्यात दाखवा.