सिगारवरचा पांढरा थर आणि सोनचाफ्याचा वास

म्हापशाला आमच्या शेजारी एक निवृत्त तारवटी राहतात. शेवटच्या सफरीत क्युबातून आणलेली सिगारची पेटी त्यांनी दहा-बारा वर्षे कपाटात जपून ठेवली होती. गेल्या आषाढात ती उघडली, तेव्हा प्रत्येक सिगारवर पिठी भुरभुरल्यासारखा पांढरा थर दिसला. मोबाइलवर आलेल्या एका चित्रफितीवरून त्यांची खात्री झाली की हा ‘ब्लूम’ आहे, म्हणजे पानातली तेले मुरून वर आलेले स्फटिक, आणि त्यामुळे पेटीचे मोल वाढले आहे. मी भिंग लावून पाहिले, तर स्फटिकांऐवजी तंतू दिसले, आणि पावसाळ्यात कपाटातल्या चामडी चपलांना येतो तसला कुबट वासही आला. ती बुरशी होती. सिगार मुरतो हे खरे आहे; पण मुरल्याची खूण त्याच्या अंगावर अशी उमटत नाही.

तंबाखूचे पान मुरण्यास सुरुवात होते ती सिगार वळण्याच्या पुष्कळ आधी. तोडलेली पाने हवेशीर कोठारात काही आठवडे टांगतात, तेव्हा त्यांतील हरितद्रव्य नष्ट होते आणि चिरलेले वांगे ज्या कारणाने काळे पडते त्याच कारणाने पान तपकिरी होते. मग पानांच्या मोठ्या राशी रचतात. या राशी जिवाणूंच्या व रासायनिक क्रियांमुळे आतून तापतात, प्रथिने तुटून अमोनिया बाहेर पडतो, आणि उष्णता फार वाढली की रास मोडून पुन्हा रचावी लागते. नव्या सिगारचा धूर नाकाला झोंबतो तो बऱ्याच अंशी उरलेल्या अमोनियामुळे. पेटीत पडून राहिल्यावर तो हळूहळू उडून जातो आणि चव निवळते.

अमोनिया गेल्याने कमी काय झाले ते कळते. नवे काय आले ते सांगण्यासाठी कॅरोटीनकडे वळावे लागते. आंब्याला आणि गाजराला रंग देणारे हे द्रव्य तंबाखूच्या पानातही असते. त्याचा रेणू 40 कार्बन अणूंचा, दोन्ही टोकांना एकेक कडे असलेला आणि मध्ये एकेरी-दुहेरी बंधांची लांब साखळी असलेला असतो. एवढ्या जड रेणूला वास नसतो, कारण तो हवेत उडूच शकत नाही. परंतु ते दुहेरी बंध ऑक्सिजनला सहज बळी पडतात. साखळी दोन्ही बाजूंनी नवव्या आणि दहाव्या कार्बनच्या मध्ये तुटली, की 40 चे 13, 14 आणि 13 असे तीन तुकडे होतात. टोकाचा 13 कार्बनचा तुकडा म्हणजे बीटा-आयोनोन. तो हलका आणि उडणारा असून पाण्यात अब्जांश भागाच्याही शंभराव्या हिश्शापेक्षा कमी प्रमाणात असला तरी नाकाला कळतो. आपल्या सोनचाफ्याच्या सुगंधात हेच आयोनोन असतात. गुलाबातले डॅमॅसिनोन आणि तंबाखूला त्याचा सुक्या मेव्यासारखा, लाकडी गंध देणारे मेगास्टिग्माट्रायेनोन हेही 13 कार्बनचेच भाऊबंद होत. रंगाची मोडतोड होऊन सुगंध तयार व्हावा, हे मला रसायनशास्त्रातील सर्वांत देखणे गणित वाटते.

त्यातही एक गंमत आहे. नाकातील एका ग्राहीच्या जनुकात फरक असलेल्या अनेकांना बीटा-आयोनोनचा फुलासारखा वास जाणवतच नाही. त्यामुळे एकाच जुन्या सिगारविषयी दोन जाणकार भांडले, तर दोघेही खरे बोलत असू शकतात.

मुरलेला सिगार सौम्य, म्हणून कमी अपायकारक, ही समजूत मात्र निखालस चुकीची आहे. पान सुकताना आणि आंबताना जिवाणूंच्या कृपेने तयार झालेली कर्करोगकारक नायट्रोसामाइन्स पेटीतल्या वर्षांनी निघून जात नाहीत. शिवाय सिगारचा धूर अल्कधर्मी असल्यामुळे तो छातीत ओढला नाही तरी निकोटिन तोंडातूनच रक्तात जाते.

सिगार साधारण 65 ते 70 टक्के आर्द्रतेत ठेवतात आणि तापमान 20 अंशांच्या आसपास राखतात. ते 25 अंशांच्या वर गेले, की पानात आधीच असलेली तंबाखूच्या किड्याची अंडी फुटण्याची भीती असते, आणि गोव्यात वर्षातले बहुतेक दिवस तेवढी उष्णता असतेच. पेटीसाठी वापरतात ते ‘स्पॅनिश सिडार’ हे लाकूड खरे देवदारू नसून आपल्या कडुनिंबाच्या कुळातले आहे. ते ओलावा शोषते आणि सोडते, परंतु आषाढातल्या हवेपुढे त्याचे काय चालणार?

शेजाऱ्यांच्या पेटीतला आर्द्रतामापक 82 दाखवत होता. तो खरा की खोटा, हे तपासण्याची युक्ती सोपी आहे. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन ते ओल्या वाळूसारखे होईल इतकेच पाणी घालायचे आणि मापकासह हवाबंद डब्यात रात्रभर ठेवायचे. संपृक्त मिठाच्या द्रावणावरची हवा नेमकी 75 टक्क्यांवर स्थिरावते. सकाळी मापक 79 दाखवत होता. म्हणजे तो चार टक्के जास्त सांगत होता आणि पेटीतली खरी आर्द्रता 78 होती. बुरशीला तेवढी पुरते.