हे चित्र कुणाचं?

मराठीत या प्रश्नाचे तीन अर्थ होतात. चित्रात कोण आहे, ते काढलं कुणी, आणि त्याचा मालक कोण. मार्च २०२५ मध्ये नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्टच्या कलाजत्रेत गुस्टाफ क्लिम्ट या प्रसिद्ध ऑस्ट्रियन चित्रकाराचं एक हरवलेलं व्यक्तिचित्र दिसलं. किंमत दीड कोटी युरो. तेव्हापासून बोलणं चाललंय ते चित्रकाराचं आणि मालकीचं. मला आधी चित्रातल्या माणसाबद्दल सांगायचं आहे.

जेमतेम दोन फूट उंचीचं चित्र. एका बाजूला वळलेला तरुण चेहरा, मागे फुलांचे मोकळे फटकारे. हा विल्यम नी नॉर्टे डोवुओना. ओसू हा आज घानाच्या आक्रा शहराचा भाग आहे, आणि डोवुओना हे तिथलं राजघराणं. गा भाषेत ‘नी’ हा मानाचा शब्द, आपल्या ‘राजे’सारखा.

हा राजपुत्र १८९७ साली व्हिएन्नात होता, पण कुणाचा पाहुणा म्हणून नव्हे. ओसूच्या माणसांना तिथल्या प्राणिसंग्रहालयात आणून खोट्या गावात ठेवलं होतं. मुंबईकराने भायखळ्याची राणीची बाग डोळ्यांपुढे आणावी. रविवारी पोरांना घेऊन पेंग्विन बघायला आपण जशी रांग लावतो, तशी तिथे माणसं बघायला लागायची, रोज हजारोंनी. लोकांनी तिकीट काढून यांचं जेवणखाण, नाच, रोजचं जगणं न्याहाळलं. जाहिरातीत नाव मात्र अशांती या त्याच भागातल्या दुसऱ्या लोकांचं, कारण इंग्रजांशी झालेल्या लढायांमुळे तेच नाव युरोपात गाजलेलं. म्हणजे राजपुत्राला स्वतःच्या लोकांचं नावही लावता आलं नाही.

क्लिम्ट आणि त्याचा जुना सहकारी फ्रान्झ माच, दोघांनीही या राजपुत्राला रंगवलं. माचचं चित्र आज लक्झेंबर्गच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. क्लिम्टचं चित्र क्लिम्टकडेच राहिलं. १९१८ मध्ये तो गेला, १९२३ मध्ये चित्र लिलावात आलं, आणि १९२८ च्या क्लिम्ट स्मृतिप्रदर्शनात ते एर्नेस्टिना क्लाइन यांच्या मालकीचं म्हणून भिंतीवर होतं. या क्लाइन बाई आणि त्यांचे पती ज्यू होते. क्लिम्टच्या जुन्या स्टुडिओच्या जागीच त्यांनी घर केलं होतं. १९३८ मध्ये नाझींनी ऑस्ट्रिया घेतल्यावर ते मोनॅकोला पळाले, आणि चित्राचा माग तुटला.

पुढे कित्येक वर्षांनी एका जोडप्याने व्हिएन्नातल्या कलादालनात एक मळकट, वाईट चौकटीतलं चित्र आणलं. क्लिम्टच्या मृत्यूनंतर त्याच्या चित्रांवर मारलेला शिक्का त्यावर पुसटसा उरला होता. साफसफाईनंतर ती फुलं वर आली. क्लाइन यांच्या वारसांशी समझोता झाला, मगच ते विक्रीला निघालं.

एवढ्यावर भागलं नाही. चित्र ऑस्ट्रियात आलं ते हंगेरीतून, आणि निर्यातीचा परवाना देताना ते क्लिम्टचं आहे हे तिथे ओळखलंच गेलं नव्हतं. आता हंगेरीला ते परत हवं आहे. परवान्याचं महत्त्व आपल्याला नवं नाही. १९७२ च्या पुरावशेष व कलानिधी कायद्यामुळे राजा रविवर्म्याचं भारतातलं चित्र मुंबईच्या लिलावात कितीही कोटींना गेलं, तरी देशाबाहेर नेता येत नाही.

हे सगळं वाचताना मला जेम्स वेल्स आठवत राहिला. हा स्कॉटिश चित्रकार १७९१ मध्ये मुंबईत उतरला, पुण्याला गेला आणि १७९५ मध्ये ठाण्यात वारला. त्याने रंगवलेलं सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांचं मोठं चित्र लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीत आहे. तेही आपल्यापासून दूर आहे, पण पेशवे आपल्या गावात, आपल्या माणसांत, गादीवर बसलेले आहेत. ओसूच्या राजपुत्राला ते मिळालं नाही.

आजचा वाद व्हिएन्ना, बुडापेस्ट आणि क्लाइन कुटुंबाचे वारस यांच्याभोवती फिरतो आहे. आक्राचं नाव त्यात ऐकू येत नाही. ओसूच्या घराण्यातल्या कुणाला तरी या चित्रासमोर उभं करून, हे चित्र कुणाचं, असं विचारायला हवं होतं.