मोबाइल कार्यप्रणाली (ऑपरेटिंग सिस्टम) : मक्तेदारीविरोधी नियमन आणि वापरकर्त्याचे स्वातंत्र्य

मोबाइल फोनवर कोणते सॉफ्टवेअर चालावे, ते कोठून यावे, त्याचे पैसे कोणाच्या हातून जावेत आणि फोन विकत घेणाऱ्याला त्यात कितपत फेरफार करता यावा, या प्रश्नांवर स्पर्धा आयोग, न्यायालये आणि विधिमंडळे यांनी उभी केलेली नियमव्यवस्था. तिच्या मुळाशी दोन मागण्या आहेत. एक प्रतिस्पर्धी कंपन्यांची : बाजाराचे दार आम्हालाही उघडे असावे. दुसरी फोनच्या मालकाची : वस्तू माझी, तर तिच्यावर हुकूमही माझाच चालावा. स्पर्धा कायदा पहिल्या मागणीसाठी घडला. दुसरीच्या पदरात त्यातून अधूनमधून काही पडते, पण तो तिच्यासाठी लिहिलेला नाही. हा फरक ध्यानात ठेवला, की एरवी विसंगत वाटणारे अनेक निकाल समजू लागतात.

कुलूप कोठे असते

आयफोन २००७ मध्ये आला तेव्हा बाहेरच्या विकासकांना (सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांना) त्यावर स्वतःची अ‍ॅप बसवून देता येत नव्हती. जुलै २००८ मध्ये अ‍ॅप स्टोअर सुरू झाले आणि सामान्य ग्राहकासाठी तोच एक रस्ता राहिला. अँड्रॉइडची गोष्ट वेगळी. त्याचा मूळ कोड खुला आहे. तो कोणीही घ्यावा, बदलावा, आपल्या फोनमध्ये घालावा. मात्र ग्राहक ज्याला अँड्रॉइड म्हणून ओळखतो त्यातला मोठा भाग, म्हणजे प्ले स्टोअर, नकाशे, सूचना पोहोचवणारी यंत्रणा, ही गूगलची बंद मालमत्ता आहे आणि ती हवी असेल तर उत्पादकाला करार करावा लागतो. २०१९ मध्ये अमेरिकेने चिनी फोन कंपनी हुआवेवर व्यापारी निर्बंध घातले तेव्हा हे अंतर सगळ्यांना दिसले. खुला कोड कंपनीकडे होताच, फोनही चालत होते. पण नव्या फोनांवर प्ले स्टोअर नव्हते आणि चीनबाहेर त्यांची विक्री घसरली.

याहून खोलवरचे कुलूप फोन सुरू होतानाच लागते. बटण दाबले की चिपमध्ये कायमचा कोरलेला एक छोटा प्रोग्राम जागा होतो. तो पुढच्या प्रोग्रामवर, म्हणजे बूटलोडरवर, उत्पादकाची डिजिटल सही आहे का ते तपासतो. बूटलोडर कार्यप्रणालीच्या गाभ्याची सही तपासतो, गाभा त्याच्यापुढच्या भागाची. कोठेही सही जुळली नाही तर साखळी तुटते आणि फोन पुढे जात नाही. चोराने किंवा हेराने घुसवलेले सॉफ्टवेअर यामुळे अडते, आणि हे संरक्षण खरे आहे. पण मालकाने विचारपूर्वक निवडून आणलेली दुसरी कार्यप्रणालीही त्याच जागी अडते, कारण चिपला मालक ओळखता येत नाही, तिला फक्त सही ओळखता येते. काही अँड्रॉइड फोनांत बूटलोडर उघडण्याची सोय असते. ती वापरताना फोनमधली सगळी माहिती पुसली जाते आणि पुढे प्रत्येक वेळी सुरू होताना पडद्यावर इशारा झळकतो. उघडल्यावर स्वतःची सही नोंदवून ते पुन्हा बंद करता येईल, असे फोन मोजकेच. बहुतेक निकालपत्रांत या पातळीचा साधा उल्लेखही सापडत नाही.

संगणकाचा पूर्वानुभव

या खटल्यांचा साचा मायक्रोसॉफ्टच्या प्रकरणात तयार झाला. विंडोजसोबत ब्राउझर जोडून दिल्याबद्दल अमेरिकेत १९९८ मध्ये खटला दाखल झाला. युरोपात २०१० पासून ब्राउझर निवडण्याचा पडदा दाखवणे भाग पडले. पुढे एका अद्ययावत आवृत्तीत तो पडदा दिसेनासा झाला, आणि २०१३ मध्ये कंपनीला ५६.१ कोटी युरोंचा दंड झाला.

अँड्रॉइडवरील कारवाया

यांडेक्स या रशियन शोधयंत्र कंपनीच्या तक्रारीवरून रशियाच्या स्पर्धा यंत्रणेने गूगलविरुद्ध निर्णय दिला आणि २०१७ मध्ये तडजोड होऊन तेथील अँड्रॉइड फोनांवर शोधयंत्र निवडण्याची सोय आली. मोठा घाव मात्र १८ जुलै २०१८ रोजी बसला. युरोपीय आयोगाने गूगलला ४३४ कोटी युरोंचा दंड ठोठावला. आयोगाने तीन गोष्टींवर बोट ठेवले. प्ले स्टोअर हवे तर गूगलचे शोध-अ‍ॅप आणि क्रोमही बसवा, ही अट. केवळ गूगलचाच शोध आधीपासून बसवावा म्हणून उत्पादकांना व दूरसंचार कंपन्यांना दिलेले पैसे. आणि खुल्या कोडपासून बनवलेली दुसरी, गूगलने मान्य न केलेली आवृत्ती एकाही फोनवर विकायची नाही, हे बंधन. युरोपीय संघाच्या सामान्य न्यायालयाने २०२२ मध्ये दुसऱ्या मुद्द्याचा काही भाग रद्द केला, दंड ४१२.५ कोटींवर आणला आणि बाकीचा निर्णय उचलून धरला.

आयोगाने मांडलेला एक पुरावा या साऱ्या विषयाची किल्ली आहे. २०१६ मध्ये अँड्रॉइड फोनांवरील ९५ टक्क्यांहून जास्त शोध गूगलवर झाले. विंडोज मोबाइल फोनांवर, जेथे मायक्रोसॉफ्टचे शोधयंत्र बिंग आधीपासून बसवलेले होते, ७५ टक्क्यांहून जास्त शोध बिंगवर झाले. माणसे तशीच, गरजा त्याच. बदलले होते ते फक्त आधीपासून काय बसवले आहे, एवढेच. ‘ग्राहकाला नको असेल तर तो बदलू शकतो’ हा बचाव या आकड्यांपुढे टिकत नाही. अशी जागा मिळवण्यासाठी गूगलने २०२१ या एका वर्षात फोन उत्पादक, ब्राउझर आणि दूरसंचार कंपन्यांना २,६३० कोटी डॉलर दिल्याचे अमेरिकेतील खटल्यात उघड झाले. न्यायाधीश अमित मेहता यांनी ऑगस्ट २०२४ मध्ये शोधसेवेतील ही मक्तेदारी बेकायदा ठरवली.

तिसरे बंधन सामान्य वाचकाला कोरडे वाटेल, पण माझ्या मते तिन्हींत घातक तेच होते. या करारामुळे उत्पादकांना अ‍ॅमेझॉनची फायर ओएस, म्हणजे खुल्या कोडवरची तिची स्वतःची आवृत्ती, घातलेले फोन विकता आले नाहीत, असे आयोगाला आढळले. खुल्या कोडचा परवाना जे स्वातंत्र्य देत होता, ते दुकानाच्या कराराने काढून घेतले. मुक्त सॉफ्टवेअरचा कार्यकर्ता आणि स्पर्धा आयोगाचा वकील एकाच बाजूला उभे राहावेत, असा हा विरळा मुद्दा. दक्षिण कोरियाच्या आयोगानेही २०२१ मध्ये याच बंधनासाठी गूगलला दंड केला.

युरोपातील उपाययोजनेचा अनुभव मात्र धडा देणारा आहे. आयोगाच्या निर्णयानंतर अँड्रॉइडवर आलेल्या निवडीच्या पडद्यावर कोणती शोधयंत्रे दिसावीत हे ठरवण्यासाठी गूगलने २०२० मध्ये लिलाव सुरू केला. जास्त बोली लावणाऱ्याला जागा. ज्यांच्यासाठी पडदा आणला त्या छोट्या शोधयंत्रांनाच तो परवडेना. टीकेनंतर २०२१ मध्ये लिलाव बंद होऊन जागा विनामूल्य झाली.

भारतीय स्पर्धा आयोगाने २० ऑक्टोबर २०२२ रोजी गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला आणि सोबत निर्देशांची लांब यादी दिली. राष्ट्रीय कंपनी कायदा अपील न्यायाधिकरणाने मार्च २०२३ मध्ये दंड कायम ठेवला, पण चार निर्देश गाळले. गाळले ते कोणते, हे पाहण्यासारखे आहे : आधीपासून बसवलेली गूगलची अ‍ॅप ग्राहकाला काढून टाकता यावीत, प्ले स्टोअरबाहेरून अ‍ॅप बसवण्यात आडकाठी नसावी, प्ले स्टोअरमधूनच दुसरी दुकाने मिळावीत, आणि प्ले सर्व्हिसेस या गूगलच्या पडद्यामागच्या यंत्रणेशी जोडून घेणारे प्रोग्रामिंग-दुवे (एपीआय) प्रतिस्पर्ध्यांना नाकारू नयेत. दंड सरकारजमा होतो. ग्राहकाच्या हातात थेट पडणार होते, त्यातले बरेचसे याच चार निर्देशांतून.

दुकान आणि गल्ला

अ‍ॅपमधील डिजिटल खरेदीवर ३० टक्के कमिशन हा दोन्ही दुकानांचा बराच काळ रूढ दर. छोट्या विकासकांसाठी तो २०२१ पासून १५ टक्के झाला. ऑगस्ट २०२० मध्ये एपिक गेम्सने आपल्या फोर्टनाइट खेळात स्वतःची पैसे भरण्याची सोय घातली, त्याच दिवशी दोन्ही दुकानांनी खेळ काढून टाकला आणि दोन खटले उभे राहिले. त्यांचे निकाल परस्परविरोधी लागले. अ‍ॅपलविरुद्ध न्यायाधीश इव्हॉन गोन्झालेझ रॉजर्स यांनी २०२१ मध्ये केंद्रीय कायद्याखाली मक्तेदारी सिद्ध झाली नाही असे म्हटले. बाहेर स्वस्तात मिळते हे ग्राहकाला सांगण्यावरची बंदी मात्र कॅलिफोर्नियाच्या कायद्याखाली उठवली. गूगलविरुद्ध डिसेंबर २०२३ मध्ये ज्यूरीने सर्व मुद्द्यांवर एपिकच्या बाजूने कौल दिला.

ज्या प्रणालीवर दुसरे दुकान बसवता येते ती हरली आणि जिच्यावर येत नाही ती बरीचशी वाचली, याचे कारण कायद्याच्या नजरेत आहे. गूगलला फोन उत्पादकांशी, विकासकांशी करार करावे लागले आणि करार म्हणजे पुरावा. अ‍ॅपल फोनही स्वतः बनवते, प्रणालीही. तिला कोणाचे हात बांधावे लागले नाहीत. संपूर्ण बंद दाराला स्पर्धा कायदा ‘उत्पादनाची रचना’ समजतो, अर्धवट उघड्या दाराला ‘अडवणूक’. वापरकर्त्याच्या जागेवरून पाहिले तर हा तर्क उफराटा आहे.

अ‍ॅपलने मनाई उठवल्यावर बाहेरच्या दुव्यावरून होणाऱ्या खरेदीवर २७ टक्के आकारणी लावली आणि दुवा दाबताच पडदाभर इशारा दाखवला. एप्रिल २०२५ मध्ये न्यायालयाने हा आदेशाचा हेतुपुरस्सर भंग ठरवला. त्याआधीच, ऑगस्ट २०२१ मध्ये, दक्षिण कोरियाच्या संसदेने दुकानाचीच पैसे भरण्याची पद्धत सक्तीची करण्यावर बंदी घातली होती. असा कायदा करणारा तो पहिला देश.

युरोपचा डिजिटल बाजार कायदा

खटला दहा वर्षे चालतो, तोवर बाजार कोणाचा तरी होऊन गेलेला असतो. म्हणून युरोपीय संघाने गुन्हा सिद्ध होण्याची वाट न पाहता आधीच कर्तव्ये नेमून दिली. युरोपीय संघात महिन्याला ४.५ कोटी वापरकर्ते आणि ठरावीक उलाढाल किंवा बाजारमूल्य असलेल्या कंपनीला ‘द्वारपाल’ ठरवता येते. सप्टेंबर २०२३ मध्ये सहा कंपन्या तशा ठरल्या. ७ मार्च २०२४ पासून नियम लागू झाले. आधीपासून बसवलेली अ‍ॅप काढता यावीत, दुसरी दुकाने चालावीत, प्रणालीच्या सोयी इतरांनाही मिळाव्यात. भंग केल्यास जागतिक उलाढालीच्या १० टक्क्यांपर्यंत दंड.

आयफोनवर युरोपात दुसरी दुकाने आली ती यामुळेच, आणि हा मोठा पल्ला आहे. पण ती कशी आली, तेही पाहावे. बाहेरच्या दुकानातले प्रत्येक अ‍ॅपही आधी अ‍ॅपलकडे तपासणीला जाते आणि तिची सही घेऊनच फोनवर येते. वर्षाला दहा लाखांपुढच्या प्रत्येक पहिल्या इन्स्टॉलमागे अर्धा युरो शुल्कही ठेवले गेले. विनामूल्य अ‍ॅप देणाऱ्या हौशी विकासकाचे अ‍ॅप लोकप्रिय झाले असते तर तो कर्जातच बुडाला असता. मे २०२४ मध्ये अशांना सूट दिली गेली. एप्रिल २०२५ मध्ये आयोगाने बाहेरच्या खरेदीची माहिती देण्यावरील निर्बंधांसाठी अ‍ॅपलला ५० कोटी युरोंचा दंड केला. जपाननेही २०२४ मध्ये याच धर्तीचा, थोडा सौम्य कायदा केला.

मालकाचे स्वातंत्र्य

मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीत स्वातंत्र्याचा अर्थ दुकानांची संख्या असा नाही. प्रोग्राम हवा त्या कामासाठी चालवणे, अभ्यासणे, बदलणे आणि वाटणे, असा आहे. लिनेजओएस, ग्राफीनओएस यांसारख्या अँड्रॉइडच्या खुल्या कोडवर उभ्या प्रणाली आणि २०१० पासून चालणारे मुक्त सॉफ्टवेअरचे दुकान एफ-ड्रॉइड हे त्याचे मोबाइलवरील रूप. एफ-ड्रॉइडवर खाते उघडावे लागत नाही. तेथील बहुतेक अ‍ॅप प्रकल्पाचे स्वयंसेवक मूळ कोडवरून स्वतः बांधतात, त्यामुळे अ‍ॅपमध्ये काय आहे ते कोणालाही पडताळता येते.

अमेरिकेत २०१० मध्ये फोनचे कुलूप तोडणे, म्हणजे जेलब्रेक, प्रताधिकार कायद्याच्या बंदीतून वगळले गेले. ही सूट दर तीन वर्षांनी नव्याने मिळवावी लागते. शिवाय ती मालकाला कुलूप तोडू देते, उत्पादकाला किल्ली द्यायला लावत नाही. आणि तोडून भागतही नाही : गूगलच्या प्ले इंटेग्रिटीसारख्या सेवा अ‍ॅपला कळवतात की हा फोन मान्यताप्राप्त स्थितीत नाही, आणि अनेक बँकांची अ‍ॅप तेवढ्यावर चालणे नाकारतात. ग्राफीनओएस सुरक्षेसाठीच बांधलेली असूनही तिच्या वापरकर्त्यांना हा नकार सोसावा लागतो. सुरक्षेचा युक्तिवाद पोकळ नाही. खोट्या अ‍ॅपच्या नादी लागून पैसे गमावणारी माणसे खरीच आहेत. पण येथे फोन सुरक्षित आहे का, हे तपासले जात नाही. कोणी मान्य केला आहे, हे तपासले जाते.

ऑगस्ट २०२५ मध्ये गूगलने जाहीर केले की मान्यताप्राप्त अँड्रॉइड फोनवर, कोणत्याही मार्गाने, केवळ ओळख नोंदवलेल्या विकासकांचीच अ‍ॅप बसवता येतील. सुरुवात सप्टेंबर २०२६ मध्ये ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि थायलंड येथून. हे अमलात आले तर प्रकल्प आजच्या रूपात चालू शकणार नाही, असे एफ-ड्रॉइडने सांगितले, कारण दुसऱ्यांनी लिहिलेल्या अ‍ॅपची नोंदणी तो त्यांच्या वतीने करू शकत नाही. विरोध वाढल्यावर, जोखीम समजून घेणाऱ्या अनुभवी वापरकर्त्यांसाठी वेगळी वाट ठेवू, असे गूगलने नोव्हेंबर २०२५ मध्ये म्हटले. त्या वाटेवर किती पायऱ्या असतील आणि किती इशारे, हे ठरवणेही गूगलच्याच हाती.